दोनशे दहा घागरी

"मल्हारी, डाव सुटल्याशिवाय उठायचं नाही म्हणजे नाही!" गजधवल महाराज गरजले.

मल्हारी कोष्टी बिचारा आठ दिवस पटावर मांडी घालून बसला होता. आला होता महाराजांचा नवा पट विणून द्यायला. तेवढ्यात महाराजांना खेळायला गडी हवा झाला, आणि हा सापडला तावडीत!

खेळाचं नाव मायापट. कापडावर रानं, डोंगर, किल्ले रंगवलेले. प्रत्येक खेळाडू एकेक वीर व्हायचा आणि त्याला खेळाच्या नियमांच्या पोथीतला एकेक मंत्र मिळायचा. वीर काय करतो ते खेळाडूनं सांगायचं; त्यातून काय घडतं ते सूत्रधारानं सांगायचं. सूत्रधार अर्थात महाराज! दुसऱ्या कुणाची छाती होती तिथं बसायची?

मल्हारीचा वीर पहिल्याच दिवशी काळ्या किल्ल्यात अडकला. वीस हात उंच भिंती, ना दार, ना खिडकी.

"निदान मोरी तरी असेल, महाराज?" मल्हारीनं काकुळतीनं विचारलं होतं.

"पोथीत मोरी लिहिलेली नाही! पोथीत नाही ते नाही!"

आणि मंत्र कुठला मिळाला होता? जलमंत्र! दरबारी तोंडावर उपरणी धरून हसले. कोंडलेल्या माणसाला पाणी काय कामाचं? "हरलो" म्हणावं तर वर्षभर राजवाड्यात पंखा ओढायची शिक्षा. न म्हणावं तर घरी मुलीचं लग्न परवावर आलेलं! मल्हारीचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

शेवटी मुलगीच आली. नाव आवडी. हाताला अजून सुताचा रंग लागलेला, आणि डोळ्यांत राग मावत नव्हता.

"महाराज, बाबांच्या जागी मी खेळले तर चालेल?"

प्रधानजींनी पोथी चाळली. "रक्ताच्या नात्यातलं माणूस चालतं, महाराज."

"बस! पण हरलीस तर वर्षभर बापलेकीनं मिळून पंखा ओढायचा!"

मल्हारीनं कपाळावर हात मारून घेतला. आवडी मात्र ऐसपैस मांडी घालून बसली. "प्रधानजी, जलमंत्र जरा वाचून दाखवा की."

"'मंत्र म्हणताच पाण्यानं भरलेली तांब्याची घागर पुढ्यात येते. हा मंत्र कितीही वेळा म्हणता येतो.'"

"आणि किल्ल्याला छप्पर आहे का हो?"

प्रधानजींनी पान उलटलं, पुन्हा उलटलं, मग चोरट्या नजरेनं महाराजांकडे पाहिलं. "लि... लिहिलेलं नाही."

"पोथीत नाही ते नाही!" आवडी म्हणाली.

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "नसेना का छप्पर! वीस हात भिंत चढणार कशी? पाणी पिऊन?"

"पाणी कुणाला हवंय? मला घागर हवी. एक घागर हातभर उंच. भिंतीला लागून खाली वीस मांडायच्या, त्यावर एकोणीस, त्यावर अठरा, अशा वर एक उरेपर्यंत. झाला जिना! भरलेली घागर जागची हलत नाही, पाणवठ्यावर कुणाही बाईला विचारा."

"हा मंत्र तहान भागवायचा आहे!"

"पाणी प्यायलाच हवं असं कुठं लिहिलंय?"

प्रधानजींनी मान हलवली. नव्हतं लिहिलेलं.

"किती घागरी लागतील?" महाराजांनी सावधपणे विचारलं.

"दोनशे दहा! लुगड्याच्या काठावर पायऱ्यांची नक्षी विणते मी, हा हिशेब मला पाठ आहे. चला, म्हणते मंत्र. फुंका शंख!"

आता आली का पंचाईत! मंत्र म्हटला की सूत्रधारानं तीनदा शंख फुंकायचा, तेव्हाच तो लागू व्हायचा. शंखाची भारी हौस म्हणून हा नियम खुद्द महाराजांनीच पोथीत घातलेला!

पहिल्या घागरीला महाराजांनी झोकात शंख फुंकला. पाचवीला गाल लालबुंद झाले. नवव्या घागरीला डोळे बाहेर आले. अकरावीला शंखातून नुसतं फुस्स झालं!

"पोरी," महाराज धापा टाकत म्हणाले, "समज, आल्या सगळ्या घागरी."

"'समज' पोथीत लिहिलेलं नाही, महाराज."

"मग प्रधानजी फुंकतील!"

"सूत्रधारानंच फुंकायचा, असं आहे," प्रधानजी घाईघाईनं म्हणाले. त्यांना दमा होता.

"मग मी उठतो!"

"डाव सुटल्याशिवाय?" आवडीनं डोळे मोठे केले. "सावकाश होऊ द्या, मला घाई नाही. परवा वऱ्हाड इथंच बोलावते. बाबा इथं, नवरी इथं! पटावर अंतरपाट धरायला बंदी आहे का हो, प्रधानजी?"

"छे! तसं काही लिहिलेलं नाही," प्रधानजी आता खुशीत आले होते.

महाराजांनी हातातल्या शंखाकडे पाहिलं. अजून दोनशे घागरी, आणि दर घागरीला तीन फुंका! त्यांनी शंख हळूच खाली ठेवला.

"हरलो!"

जन्मात पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला. आता काय होतंय म्हणून दरबारी एकमेकांच्या आड सरकले. आणि महाराज जे हसत सुटले म्हणता! पोट धरून, मांडीवर थापा मारून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"ऊठ रे मल्हारी, लेकीला हळद लाव जा! आणि आवडे, आजपासून पोथी तुझ्या ताब्यात, सूत्रधार तू! लग्नाचा आहेर म्हणून तांब्याच्या दोनशे दहा घागरी देतो. घेऊन जा!"

आठ दिवसांनी मल्हारी उठला. पायांना मुंग्या आल्या होत्या, पण लेकीचा हात धरून दारापर्यंत पोचला. तिथं आवडी थांबली आणि मागे वळली.

"महाराज, पोथीत घागरी भरलेल्या लिहिल्यात!"

महाराज पुन्हा असे हसले की गादीवरून घरंगळले. दुसऱ्या दिवशी राजवाड्याच्या विहिरीपासून कोष्टीवाड्यापर्यंत शिपायांची रांग लागली. प्रत्येकाच्या खांद्यावर काठोकाठ भरलेली घागर, आणि सगळ्यांच्या पुढे प्रधानजी, एक थेंब सांडू न देता!