कावळीने बाभळीवरून सांगितलेली गोष्ट

पिलांच्या गोष्टी आंब्यावरूनच सांगाव्यात, असा पक्ष्यांचा दंडक होता, तेव्हाची ही हकीकत. कुठलीही गोष्ट आधी कोकीळबुवा ऐकत आणि त्यांना पसंत पडली, तरच ती आंब्यावर चढे.

कावळीचं धाकटं पिलू वादळात घरट्यातून पडून गेलं होतं. उरलेल्यांना झोपवताना तिने त्याची गोष्ट रचली, आणि तीच घेऊन ती आंब्यावर गेली.

"बाई, ते पडणं काढून टाका," कोकीळबुवा डोळे मिटूनच म्हणाले. "पिलांना काय रुचतं, ते आम्ही जाणतो. शेवटी त्याला सोन्याचे पंख फुटू द्या."

"पंख फुटायच्या आधीच पडलं ते, बुवा."

"मग राहू द्या. हा असला आवाज घेऊन दुसरीकडे कुठे जाणार तुम्ही?"

कावळी घरी आली आणि त्याच संध्याकाळी आपल्या बाभळीवरून, आपल्याच घोगऱ्या आवाजात गोष्ट सांगू लागली. एक शब्दही तिने गाळला नाही. साळुंक्यांची, चिमण्यांची पिलं भोवती जमली.

कोकीळबुवा नाक मुरडायला आले. "आंब्यावर न चढलेली ती कसली गोष्ट!" तेवढ्यात पुढे बसून रडणारी दोन पिलं त्यांना दिसली. "ही ठिपक्यांची कुणाची हो? मोठी देखणी आहेत."

"तुमचीच," कावळी म्हणाली. "सरका जरा, त्यांना ऐकू येत नाहीये."