घाटापलीकडची सगुणा

फार फार वर्षांपूर्वीची, घाटातून नुसती पायवाट जायची तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या एका गावात सगुणा नावाच्या दोन मुली होत्या. दोघी एकाच म्हातारीकडे टोपल्या विणायला शिकल्या, एकाच ताटात जेवल्या.

एकदा हाडं बसवणारी एक वैदीण गावात मुक्कामाला आली. तिच्या हाताखाली एका सगुणेनं बकरीचा मोडलेला पाय बांधला. बकरी चालू लागली आणि या सगुणेचं मन त्या विद्येत अडकलं. वैदीण निघाली तेव्हा तीही निघाली.

"जाते गं मी," ती दारात येऊन म्हणाली.

दुसरी सगुणा बांबू सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "जा की. मी कुठं अडवलंय?"

मान वर केली तेव्हा दारात कुणी नव्हतं.

वर्षं गेली. एक सगुणा घाटापलीकडे नावाजलेली वैदीण झाली. दुसरीच्या टोपल्या लांबलांबच्या बाजारांत जाऊ लागल्या. नाव एकच, त्यामुळे वाट चुकलेले लोक टोपलीवालीच्या दारात येत. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचा पाय सुजलेला.

"सगुणाबाईंचं घर हेच ना?"

"घर सगुणेचंच, पण ती मी नव्हे," ती सांगायची. पाणी द्यायची, वाट दाखवायची. मग हळूच म्हणायची, "परतताना इकडूनच जा."

परतणाऱ्याला ती बसवून घ्यायची. कशी दिसते ती? केस पिकले का? एका धनगरानं सांगितलं, "माझ्याकडची तुमची टोपली बघून बाईंनी तिच्यावरून बराच वेळ हात फिरवला." त्या दिवशी तिच्या हातून एकही टोपली पुरी झाली नाही.

तरी ती गेली नाही. जी गेली तिनंच यावं, असं ती स्वतःला सांगत राहिली.

एकदा बांबू तोडताना ती उतारावरून घसरली. उजवं मनगट मोडलं.

"पलीकडे जा," शेजारीण म्हणाली.

"इतकी वर्षं गेले नाही, आणि आता गरज पडली म्हणून जाऊ?" तिनं हाताला फडकं गुंडाळलं आणि घरीच बसली.

तीन महिन्यांनी हाड जुळलं, पण वाकडं. कोयता धरवेना, बांबू सोलवेना. कामाविना दिवस सरेना आणि आठवण उसंत देईना. एका सकाळी ती उठली आणि घाट चढू लागली.

पलीकडची सगुणा अंगणात पाला वाटत होती. तिनं आधी चेहरा पाहिला, मग हात. मग जवळ येऊन मनगट चाचपलं.

"पडल्या पडल्या आली असतीस तर सरळ केलं असतं गं. आता नाही व्हायचं."

"ठाऊक आहे. हातासाठी नाही आले. तुला बघायला आले."

वैदिणीचे डोळे भरून आले. "मी दर वर्षी घाटाच्या माथ्यापर्यंत यायचे. तू रागावली असशील म्हणून तिथूनच मागं फिरायचे."

टोपलीवाली सगुणा तिथं महिनाभर राहिली. दोघी पुष्कळ बोलल्या, पुष्कळ रडल्या. पण मनगट वाकडंच राहिलं, आणि तिच्यासारखी टोपली त्या मुलखात पुन्हा कुणी विणली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ज्याची ओढ लागली आहे त्याच्याकडे आपणच आधी निघावं; मानापायी गेलेला काळ कुणालाच जोडून देता येत नाही.