घुशीने घातलेला पाया

पशुपक्षी एकमेकांची घरं बांधून देत, त्या काळची ही गोष्ट आहे. सुतारपक्ष्याच्या ठोकाठोकीने ढोलीतली पिल्लं झोपेनात, म्हणून त्याला घरापासून वेगळी सुतारशाळा हवी होती. कोंडाबाई घूस म्हणाली, "मी बांधते."

सगळे खो खो हसले. "सुतारदादा, जन्मभर हिने पाये पोखरले. हिची भिंत तुमच्या अंगावर येईल!" ससा म्हणाला.

कोंडाबाईच्या ते जिव्हारी लागलं. "पोखरले, खरं आहे," ती म्हणाली. "म्हणूनच भिंत कुठून खचते ते मला ठाऊक आहे."

सुतारपक्ष्याने विचार करून होकार दिला. कोंडाबाईने कडक मुरूम लागेपर्यंत चर खणला, दगड बसवले आणि फटीफटीत चुना ठासला. मग भिंती उभ्या राहिल्या, कौलं चढली, गिलावाही झाला. सुतारपक्ष्याने तोंडभर कौतुक केलं.

दुसऱ्या दिवशी कोंडाबाईची धाकटी बहीण सवयीने तिथे उकरायला आली. चारही बाजूंनी उकरून ती घामाघूम झाली.

"ताई, मेलं कुठूनच आत शिरता येत नाही गं!"

कोंडाबाईची मान ताठ झाली. एवढं मोठं कौतुक तिचं आजवर कुणी केलं नव्हतं.