शेलदांड्याच्या जोमाची तार

फार वर्षांपूर्वी, होड्या शिडांवर चालत होत्या तेव्हा, शेलदांड्याच्या कोळीवाड्यात जोमा तांडेल, एका होडीचा म्होरक्या, राहायचा. गाव डोंगराआड, त्यामुळे रेडिओची पेटी नुसती खरखरायची. जोमानं दोन उंच माडांमध्ये तांब्याची तार ताणली आणि तिचं टोक खाली घरातल्या पेटीत आणलं. पेटीतून दुसरी तार काढून ती ओल्या वाळूत पुरली. तो म्हणायचा, "आवाजाच्या लाटा हवेतनं येतात. डोंगराआड मरतात, पन खाऱ्या पान्यावरनं लांब पलतात. त्यांना धराया तार उंच पायजे."

तारेतून तुफानाची खबर यायची आणि खरी ठरायची. गावानं खूश व्हावं की नाही? गाव भ्यायलं! जोमाच तुफान बोलावतो, असं म्हणू लागले. तरी पेटी काय बोलली हे विचारल्याशिवाय होडी मात्र कुणी काढत नसे. भीती नव्हती ती एकट्या लाडकूबायला, त्याच्या बायकोला. नवऱ्याच्या तारेची कसली भीती!

एकदा कार्तिकात बोंबील उदंड आले. सुकवायच्या बांबूंवर जागा उरली नाही, तेव्हा लाडकूबायनं ओले बोंबील सरळ घराकडं उतरणाऱ्या तारेवर टांगले. तार वाकली, ओल्या बांबूंना टेकली. आवाज पेटीत पोचायच्या आधीच मातीत जिरू लागला.

जोमा तापानं पडून होता. त्यानं विचारलं, "पेटी काय बोलली गो?"

"काय नाय बोलली."

पेटी गप्प म्हणजे दर्या शांत, असं समजून होड्या गेल्या. त्यांत जोमाचा एकुलता एक पोरगा हरक्या होता.

दुपारी आभाळ तव्यासारखं काळं झालं. जोमा उठून बाहेर आला आणि त्यानं तार पाहिली. "अगो, तार मुकी केलीस! आपला हरक्या दर्यात हाय गो!" त्यानं बोंबील ओरबाडून काढले. तार मोकळी होताच पेटी ओरडली, तुफान येतंय, होड्या बाहेर काढू नका.

पेटीतलं तारेचं टोक उपसून, ते दातांत धरून जोमा माडावर चढला. ती तार फक्त ऐकते, बोलत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण पोरगा दर्यात असला की बापाला कसलं शहाणपण सुचणार! शेंड्यावरून तो तारेत ओरडला, "मागारी फिरा रं!" तेवढ्यात वीज पडली.

दूर दर्यात होड्यांच्या डोलकाठ्या थरथरल्या आणि प्रत्येक डोलकाठीतून जोमाचा आवाज आला, असं म्हणतात. हरक्यानं आधी सुकाणू वळवलं, मागोमाग सगळ्यांनी. सगळे जिवंत परतले. माडावर जोमा मात्र नव्हता, नुसती निळी पडलेली तार होती. लाडकूबाय पुढं जन्मात बोंबलाला शिवली नाही, असं म्हणतात.

आता खिशाखिशात फोन आहेत, तरी शेलदांड्याच्या माडांवर जोमाच्या नावानं तार ताणलेली असते. होड्या निघायच्या आधी सगळे तांडेल तिच्याखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात. खबर काय आली, हे नंतर. वाड्यातली एखादी म्हातारी आधी विचारते, "तार मोकली हाय ना रं?" आणि डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुणी हो म्हणत नाही.