एक्केचाळीस हात

"पण सिस्टर, यात कमी काय आहे?"

जेसिंता टीचरने हे तिसऱ्यांदा विचारलं.

सिस्टर युफ्रेजिया तिसरीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा फलक बघत होत्या.

वसईकडच्या एका गावातली ही चर्चची मराठी शाळा. तिथे प्रत्येक वर्गात एक श्रद्धाफलक असतो. त्यावर कधी संतांची चित्रं लागतात, कधी सणांची माहिती, कधी मुलांच्या प्रार्थना. ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना, त्यामुळे यंदाचा विषय प्रार्थना होता. दुसऱ्या दिवशी बिशप शाळेला भेट द्यायला येणार होते आणि सगळ्यांत चांगल्या फलकाला बक्षीस मिळणार होतं.

जेसिंता टीचरला ते सलग तीन वर्षं मिळालं होतं. चौथ्यांदाही तिलाच मिळणार, हे शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. तिला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं. पोरगी हुशार, कामाला वाघ, पण नाकावर माशी बसू देत नसे.

आता बक्षीस तिला नको होतं असं नाही. पण तिला खरी भूक होती ती दुसऱ्याच गोष्टीची. ती स्वतः याच शाळेत शिकली, सिस्टर युफ्रेजियांच्या हाताखाली. पहिली ते चौथी सिस्टरांनी तिला एकदाही 'छान' म्हटलं नाही. पहिला नंबर आला तेव्हाही "बरं" म्हणाल्या आणि पुढच्या मुलाची वही उघडली. वीस वर्षं झाली, ते 'बरं' तिच्या गळ्यात अडकलेलं होतं.

सिस्टर आता चौऱ्याऐंशीच्या. शाळेशेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये, म्हणजे सिस्टरांच्या मठात राहतात आणि मधल्या सुट्टीत फाटकापाशी खुर्ची टाकून बसतात. आज शाळा सुटल्यावर जेसिंता त्यांना हाताला धरून घेऊन आली होती. आज 'छान' ऐकल्याशिवाय त्यांना सोडायचं नाही, असं तिने ठरवलंच होतं.

"बोला ना, सिस्टर."

"स्वच्छ आहे," सिस्टर म्हणाल्या.

...

जेसिंताला बोलावं की रडावं कळेना. आठ दिवस ती या फलकाला लागली होती. निळा मखमली कागद, सोनेरी कड, कापसाचे ढग, वर थर्माकोलचं पांढरं कबूतर. मध्ये 'आमच्या प्रार्थना' अशी अक्षरं, एकेक हाताने कापलेली. आणि खाली रांगेत कागदी हात. हे सगळं स्वच्छ?

"हे हात कोणाचे?" सिस्टरांनी विचारलं.

"मुलांचे. एक्केचाळीस मुलं, एक्केचाळीस हात. प्रत्येक हातावर एकेकाची प्रार्थना."

"आणि नावं?"

"मनगटावर हजेरीचा नंबर लिहिलाय. नावं मावत नव्हती."

सिस्टर बाकाला धरून उठल्या. फलकापाशी गेल्या आणि एका कागदी हातावर त्यांनी आपला तळहात ठेवला. मग शेजारच्या हातावर ठेवला. मग त्याच्या शेजारच्या.

"सगळे एका मापाचे?"

"साचा केला, सिस्टर. मुलांनी आपापले हात काढले होते, पण ते लहानमोठे, वेडेवाकडे. रांगेत बरे दिसेनात."

"साचा कोणाच्या हाताचा?"

...

"माझ्या," जेसिंता म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ लावायचं जेसिंताने लहानपणीच सोडून दिलं होतं. सिस्टर ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत.

"चष्मा आणला नाही मी. एखादी वाचून दाखव."

जेसिंताचा जीव भांड्यात पडला. वाचण्यात ती पटाईत होती.

"'हे प्रभू, सर्व जगात शांती नांदू दे.'"

"ही कोणाची?"

"चार नंबर. अल्रॉय डाबरे."

"अल्रॉय? परवा मधल्या सुट्टीत दोघांना चावला, तो?"

"हो."

"त्याला जगात शांती हवीय?"

जेसिंता हसली. सिस्टर हसल्या नाहीत.

"म्हणजे... मी थोडं नीट केलं, सिस्टर. मुलं काहीही लिहितात. उद्या बिशप वाचणार, पालक वाचणार."

"त्यानं काय लिहिलं होतं?"

"आता आठवत नाही."

"त्यानं लिहिलेली चिठ्ठी कुठे आहे?"

जेसिंता फलकाची कड सरळ करायला लागली. पण डोळ्यांना कोण आवरणार? ते वर्गाच्या कोपऱ्याकडे गेले. तिथे निळी प्लास्टिकची कचऱ्याची टोपली होती. शिपाई अजून आला नव्हता.

सिस्टर तिकडे निघाल्या.

"सिस्टर, राहू द्या. मी देते काढून."

सिस्टर थांबल्या नाहीत. टोपलीजवळ पोचल्यावर त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि हळूहळू खाली गेल्या. आधी एक गुडघा टेकला, मग दुसरा. जेसिंता घाबरलीच. डॉक्टरांनी त्यांना गुडघे टेकायची सक्त मनाई केली होती. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मिस्साच्या प्रार्थनेतसुद्धा त्या खुर्चीवर बसून राहत. सगळं गाव उठबस करतं तेव्हा देवळात बसून राहणाऱ्या त्या एकट्याच.

"सिस्टर, गुडघे!"

"माझेच आहेत."

टोपलीपुढे गुडघे टेकून त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रुसाची खूण केली. मग टोपली आडवी केली.

सोनेरी कागदाची कात्रणं बाहेर आली, कापूस आला, पेन्सिलींची सालं आली. आणि चोळामोळा केलेल्या चिठ्ठ्या. सिस्टरांनी एकेक चिठ्ठी उचलली, मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केली. मग डोळ्यांपासून हातभर लांब धरून वाचायला लागल्या. मघाशी चष्मा नाही म्हणून अडलं होतं, ते आता अडेना.

"'देवा, आमच्या बोकडाला नाताळला कापू नको. पपांना सांग. त्याचं नाव टायगर आहे.'"

सिस्टरांचे खांदे हलायला लागले. त्या हसत होत्या. जेसिंताने त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं.

"'देवा, माझे पुढचे दात पाठव.'"

"'गणपती बाप्पा, आमच्या टीचरच्या येशूला पण सांग. माझ्या बाबांना काम मिळू दे. दोघांनी मिळून करा.'"

"ती निखिलची," जेसिंता खालच्या आवाजात म्हणाली. "मी तिचं 'हे प्रभू, सर्वांना रोजगार दे' केलं."

"हं."

"वाईट केलं का?"

सिस्टरांनी पुढची चिठ्ठी उचलली.

जेसिंताला आता राहवेना. तीही खाली बसली. "तुम्हाला वाटतंय मी न वाचताच टाकल्या. तसं नाही, सिस्टर. मी एकूण एक वाचल्यात. बघा, प्रत्येकीवर लाल पेन आहे. प्रत्येक चूक काढलीय. आळस नाही केला मी."

खरंच होतं ते. आळस तिच्या अंगात नव्हताच.

सिस्टर एका चिठ्ठीवर थांबल्या. एकदा वाचली. पुन्हा वाचली. हसू कधीच गेलं होतं. ती त्यांनी मोठ्याने वाचली नाही, नुसती पुढे केली.

जेसिंताने चिठ्ठी घेतली. आधी तिला आपलं लाल पेन दिसलं. तीन गोल, दोन रेघा, आणि खाली शेरा: 'अक्षर बरे. काळजीपूर्वक लिही.' मग मजकूर दिसला.

'देवा, टीचर मला रोज जोस्लिन बोलते. जोस्लिन माझी ताई आहे. मी सांगायला गेली तर टीचर बोलली नंतर ये. मी नंतर गेली तर टीचर ढग करत होती. तू टीचरला माझं नाव सांग.'

खाली सांगितल्याप्रमाणे नंबर होता. अठ्ठावीस.

...

जेसिंता फलकाकडे बघायला लागली. अठ्ठाविसावा हात दुसऱ्या रांगेच्या शेवटी होता. त्यावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, 'हे प्रभू, आमच्या शिक्षकांना आशीर्वाद दे.'

तिने चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा बघितला.

अठ्ठावीस नंबर म्हणजे खिडकीजवळची, दोन वेण्यांची. जोस्लिन घोन्साल्विसची धाकटी बहीण. जोस्लिन दोन वर्षांपूर्वी याच वर्गात होती, चुणचुणीत, सगळ्या स्पर्धांत पुढे. हिचं नाक तसंच, डोळे तसेच. हिचं नाव...

हिचं नाव...

जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. चार महिने होऊन पाचवा लागला होता. हजेरी ती रोज नंबरानेच घ्यायची.

"मी तिला परवा बहिरी म्हटलं, सिस्टर," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "हाक मारली तरी वर बघत नव्हती. सगळ्या वर्गासमोर म्हटलं. सगळे हसले."

सिस्टरांनी आडवी टोपली उभी केली.

जेसिंता उठली आणि कपाटाकडे वळली. हजेरीपट वरच्या कप्प्यात होता. तिने हात लांब केला.

"राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "कपाटाला माहीत आहे. तुला कुठे माहीत आहे?"

हात तसाच राहिला.

"तुम्हाला माहीत आहे, सिस्टर? ती फाटकापाशी येते ना तुमच्याकडे?"

"येते."

"मग सांगा ना."

"मला माहीत असून तिला काय उपयोग?"

जेसिंताला रडू आलं. तिने ते आवरलंही नाही. लाज वाटत होती, आणि सिस्टरांसमोर वाटत होती म्हणून जास्त वाटत होती. आणि हेही मनात आलं की आपल्याला 'छान' म्हटलं नाही हे आपण वीस वर्षं धरून बसलो, आणि हिला तर आपण साधी तिच्या नावाने हाकसुद्धा मारली नाही. हे सगळं पुढे तिनेच मला सांगितलं. एवढ्या मानी बाईने स्वतःविरुद्ध सांगितलेलं, म्हणून मी यातलं अक्षर बदललेलं नाही.

तिने डोळे पुसले आणि तरातरा फलकाकडे गेली. सोनेरी कडेला नख लावलं.

"काय करतेस?"

"फलक काढते. सगळा. चुरगळून टाकते."

"काढू नको."

"का?"

"बिशप एवढ्या लांबून येतायत. त्यांना बघायला काहीतरी हवं."

जेसिंता रडता रडता हसली. तिला हसायचं नव्हतं, तरी आलं.

"मला उठव आता," सिस्टर म्हणाल्या.

जेसिंताने त्यांना काखेत हात घालून उठवलं. उठताना दोन्ही गुडघे वाजले. सिस्टरांनी ओठ घट्ट मिटून घेतले, पण हूं की चूं केलं नाही. झग्याला चिकटलेली सालं आणि कापूस जेसिंता झटकायला लागली. सिस्टर उभ्या राहिल्या, लहान मूल उभं राहतं तशा.

मग जेसिंताने खाली पसरलेल्या चिठ्ठ्या गोळा केल्या. एकेक सपाट करून एकीवर एक ठेवली. एक्केचाळीस भरल्या. अठ्ठावीस नंबरची तिने वेगळी काढली आणि दोन्ही हातांत धरून उभी राहिली. हिचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं.

बाहेर देवळाची घंटा झाली. संध्याकाळच्या रोझरीला बायका जमायला लागल्या होत्या. जेसिंताचा चेहरा जरा सैल झाला. निदान एक गोष्ट तिला करता येण्यासारखी होती.

"सिस्टर, मी आत्ताच जाते देवळात. आजची अख्खी रोझरी या पोरीसाठी म्हणते. तिच्यासाठी देवाकडे मागते."

सिस्टर दारापर्यंत गेल्या होत्या. तिथेच थांबल्या.

...

"ती देवाकडे जाऊन आली, बाय. त्यानं तिला तुझ्याकडे पाठवलंय."