कंपनी फिटिंगचा रेडिओ

हळदीच्या एका गावात एक भोळा मेहुणा होता. नाव भुजिंगा. मेहुणा कुणाचा, तर रायगोंडा दाजींचा. म्हणजे दाजींच्या बायकोचा, पद्माक्काचा, तो धाकटा भाऊ. एकदा चार दिवस म्हणून बहिणीकडे राहायला आला. मग त्याला कुणी 'जा' म्हटलं नाही, म्हणून तो गेला नाही.

भुजिंगा आळशी नव्हता. कामाला वाघ होता. गाडी तर झकास चालवायचा. आणि सांगितलेली गोष्ट तो कधी म्हणजे कधी विसरत नसे. सगळा घोटाळा तिथंच होता. आज शिकवलेलं तो उद्यासाठी जपून ठेवी आणि उद्या भलत्याच जागी वापरी. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. भुजिंगाला शब्दाचा मार कधी बसला नाही, नुसता शब्दच बसला. बरं, बायकोचा भाऊ, त्यामुळं दाजींना मोकळेपणानं शिव्या द्यायचीही सोय नव्हती.

दाजींकडे एक जुनी पिकअप होती. लग्न झालं त्याच वर्षी घेतलेली. तिच्यातून ते हळदीची पोती सांगलीच्या बाजारात न्यायचे. शेजारच्या सीटवर पद्माक्का बसायची. समोर गाडीबरोबरच आलेला रेडिओ, अस्सल कंपनी फिटिंगचा. रेडिओ गायला लागला की आक्काही गायची, आणि दाजी मुद्दाम गाडी हळू चालवायचे. पुढं थोरल्या मुलानं त्या जागी कॅसेटचा टेप बसवला. दाजींनी रेडिओ तेवढा फडक्यात बांधून माळ्यावर ठेवला.

यंदा आकाशवाणीची माणसं गावात आली आणि आक्काची हळदीची गाणी टिपून घेऊन गेली. ती येत्या रविवारी सकाळी सांगली केंद्रावरून लागणार होती.

"मोबाईलवरबी लागतंय म्हणत्यात," आक्का म्हणाली.

"मोबाईलवर काय, कुणाचंबी ऐकू येतंय," दाजी म्हणाले. "तू जन्मभर त्या रेडिओसंगं गायलीस. आता त्यानं तुझं गायला पायजे. गाडीतच ऐकायचं. तुझ्या जागंवर बसून."

आक्का लाजली. या वयात लाजली, म्हणून दाजींना फार बरं वाटलं. त्यांनी लगेच रेडिओ माळ्यावरून काढला.

पण दाजींची कंबर धरलेली. डॅशबोर्डखाली वाकता येईना. गावातला वायरमन नेमका लग्नाला गेलेला.

"मी हाय की, दाजी," भुजिंगा म्हणाला.

दाजींनी रेडिओ छातीशी धरला. पण आक्का बघत होती. "बरं," ते म्हणाले.

भुजिंगा डॅशबोर्डखाली शिरला. गाडीची तार रेडिओच्या तारेला अगदी गच्च पीळ देऊन बांधली. रेडिओ ढिम्म. दाजींनी बघितलं तर दोन्ही तारांवरचं प्लास्टिक जिथल्या तिथं.

"अरे, वरचं साल काढल्याशिवाय जोड कसा लागंल? आदी सोलायचं, मग जोडायचं!"

"आता ध्यानात ठेवलं, दाजी."

आणि ठेवलं. दाजींनी सांगलीहून नवा स्पीकर मागवला होता. "एवढा जोड," म्हणून ते चहाला गेले. भुजिंगानं आधी स्पीकर सोलायला घेतला. जाळी काढली. कापड काढलं. मग आतला काळा कागद नखानं हळूहळू सोलला. दाजी चहा पिऊन आले तेव्हा त्याच्या हातात नुसतं लोहचुंबक होतं.

"दाजी, फसिवलं तुमाला. आत गरच न्हाई."

दाजींनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते आक्काकडं बघून बोलले. "ह्याला सांग. नाजूक वस्तूला नख लावायचं नसतंय. मऊ कापडात गुंडाळायची, अन् अलगद न्यायची."

"आता ध्यानात ठेवलं, दाजी," भुजिंगा म्हणाला.

दुसरा स्पीकर आला. तो दाजींनी स्वतःच्या उशाशी ठेवला. पण या सगळ्या खटपटीत बॅटरी उतरली. "बॅटरी चार्ज करून आण," दाजी म्हणाले. बॅटरी जुनी, कडेनं पाझरणारी. भुजिंगाला ती फार नाजूक वाटली. तो मऊ कापड शोधू लागला. घरात सगळ्यात मऊ कापड कोणतं? आक्कानं रविवारसाठी काढून ठेवलेलं नवं इरकल लुगडं. त्यानं बॅटरी त्यात छान गुंडाळली आणि झोपलेल्या लेकरासारखी खांद्यावर टाकून चालत गेला. वाटेत कुणी मोठ्यानं बोललं तर त्याला गप्पही केलं.

बॅटरी चार्ज होऊन आली. लुगड्याची मात्र चाळण झाली होती. बॅटरीतल्या तेजाबानं ते जागोजाग खाल्लं होतं. आक्का कितीतरी वेळ एकेका भोकातून बोट घालून बघत राहिली. मग म्हणाली, "जाऊ दे. रेडिओवर लुगडं कुठं दिसतंय?"

दाजींना मात्र राग आवरेना. "भुजिंगा! आपलं डोकं चालवायचंच न्हाई! मी जे सांगीन तेवढंच करायचं. शब्दाला शब्द!"

"शब्दाला शब्द. ध्यानात ठेवलं, दाजी."

"आता ऐक. लाल तार फ्यूजला लाव. काळी बॉडीला लाव."

दाजी गाडीबाहेर खुर्ची टाकून बसले. बराच वेळ झाला. आतून काही आवाज येईना. शेवटी ते कंबर धरून उठले आणि डोकावले. भुजिंगा सदरा काढून सीटवर ताठ बसला होता. काळी तार छातीभोवती गुंडाळलेली. टोक बेंबीपाशी चिकटपट्टीनं पक्कं केलेलं.

"हे काय?"

"बॉडीला लावलीया. पन अजून काय वाजंना. जरा जेवून बघू का?"

"तुज्या बॉडीला न्हवं रं! गाडीच्या! बॉडी म्हटलं की गाडीची! अंगाला कोन बॉडी म्हनतंय का ह्या गावात?"

"आता ध्यानात ठेवलं, दाजी. बॉडी म्हंजे गाडीची."

चिकटपट्टी काढताना पोटावरचे केसही निघाले. काळी तार गाडीच्या पत्र्याला लागली आणि रेडिओच्या काचेत पिवळा दिवा लागला. दाजींच्या चेहऱ्यावरही लागला. पण वाकून दिवा बघायच्या नादात त्यांची कंबर पुन्हा भरली आणि त्यांना चौघांनी उचलून खाटेवर नेऊन घातलं.

आक्कानं भावाला दवाखान्यात पिटाळलं. कंपाउंडरनं वासाच्या तेलाची मोठी बाटली दिली. वर शहरी थाटात सांगितलं, "सकाळ-संध्याकाळ बॉडीला चोळायचं. चांगलं जिरेपर्यंत."

भुजिंगा हसला. हे त्याला माहीत होतं.

संध्याकाळी आक्का खाटेपाशी आली. "तेल लावलं का हो त्यानं?"

"कसलं तेल?" दाजी कण्हत म्हणाले.

अंगणातून वास येत होता. पिकअप बॉनेटपासून फाळक्यापर्यंत चकाकत होती. भुजिंगा घामाघूम होऊन मागच्या मडगार्डला शेवटचा हात देत होता. "दाजी, समदं जिरत न्हाई. वरचा रंग लई घट्ट हाय."

दाजींना हसावं की रडावं कळेना. हसले, तर कंबर दुखायची. म्हणून त्यांनी नुसतं सांगितलं, "बाबा, औषध ज्याचं दुखतंय त्याला द्यायचं असतंय."

"आता ध्यानात ठेवलं, दाजी."

शनिवारी उशाशी ठेवलेला स्पीकर जोडला आणि रेडिओ बोलू लागला. पण खरखर फार. दाजी खिडकीतून ओरडले, "घसा बसलाय रं त्याचा!"

घसा कुणाचा बसलाय, तर रेडिओचा. मग औषध कुणाला द्यायचं? भुजिंगानं चुलीवर पातेलं ठेवलं, ओवा टाकला, पातेलं गाडीत नेलं आणि रेडिओसकट डोक्यावरून घोंगडं घेऊन दोघांना वाफारा दिला. दाजी खुरडत पोचेपर्यंत वाफ संपली होती. आता रेडिओ गेला, असं समजून ते पायरीवर बसले. आक्काही बसली. रविवार तोंडावर आलेला, आणि आता नवीन रेडिओ आणला तरी तो हा रेडिओ नव्हता. दोघांनाही फार वाईट वाटलं.

रेडिओ वाळला. मग त्यानं दोनदा खोकल्यासारखं केलं आणि आधीपेक्षा स्वच्छ बोलू लागला. कसा ते विचारू नका. वायरमन परत आल्यावर त्यालाही सांगता आलं नाही.

रविवार उजाडला. सगळी गल्ली अंगणात जमली. आक्का आत केस विंचरत होती. कार्यक्रमाला अजून अवकाश होता, पण दाजींना धीर निघत नव्हता. रेडिओवर मधूनच भलतीच स्टेशनं घुसत होती.

"भुजिंगा, गाडीत बस," दाजी म्हणाले. "सांगली स्टेशन पकड. अन् एकदा पकडलं की काय झालं तरी सोडू नगंस."

"शब्दाला शब्द, दाजी."

दाजी आक्काला हाताला धरून आणायला आत गेले. दोघं बाहेर आली. अंगण होतं. गल्लीतली माणसं होती. पिकअप नव्हती.

"तो गेला की," शेजारी म्हणाले. "आमाला वाटलं, तुमीच धाडला."

आक्का पदराआड झाली. दाजींनी फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. अर्ध्या-पाऊण तासानं, कितव्या तरी वेळी, कुणी परक्यानं उचलला.

"मी हमाल बोलतोय, सांगली स्टेशनवरनं. ह्यांचे दोन्ही हात गुतल्यात, म्हणून मी उचलला. कानाला लावतो."

मग भुजिंगाचा आवाज आला. "दाजी! पकडलंय! गाडी दाराला आडवी लावलीया अन् दाराच्या दोनी बाजू घट्ट धरल्यात. मास्तर स्वतः ओढाय लागलेत. सोडतोय व्हय मी!"

दाजी तोंड उघडणार, एवढ्यात भुजिंगाच्या मागून एक बाई बोलू लागली. पिकअपमधला रेडिओ चालूच होता. आणि सांगलीत गेल्यावर सांगली केंद्र नाही लागणार तर काय लागणार? खरखरीचं नाव नव्हतं. बाईनं आक्काचं पूर्ण नाव घेतलं. गावाचं नाव घेतलं. आणि आक्का गाऊ लागली.

दाजींनी पटकन फोनचा स्पीकर चालू केला आणि फोन आक्काच्या हातात दिला. अंगणातलं एकही माणूस हललं नाही. आपलाच आवाज आपल्याच गाडीतल्या रेडिओतून येताना आक्का ऐकत होती, आणि फोनमधल्या आक्काबरोबर हळूच गात होती. दाजी तिच्याकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. भुजिंगाचे सगळे गुन्हे त्यांनी त्याच क्षणी माफ केले.

गाणी संपली. फोनमधून पुन्हा निवेदिका बोलली. "यानंतर ऐकू या हळदीचे बाजारभाव. तेव्हा कुठेही जाऊ नका, ऐकत राहा."

दाजींनी डोळे पुसले. "भुजिंगा, शाबास रं माज्या वाघा. आता सोड ते स्टेशन अन् घरी ये."

"कसा येऊ, दाजी? बाईंनी आत्ताच सांगितलंय, कुटंबी जाऊ नका."

मागं एकच कालवा चालला होता. "अहो, सोडा की आत! गाडी सुटायलीय!"

"भुजिंगा, कोन वरडाय लागलंय?"

"पॅसेंजरला जानारी मानसं हायत. त्यांनाबी मी थांबवून ठिवलंय."

"अरे, त्यांना का?"

"दाजी, बाई 'जाऊ नको' म्हनल्या असत्या, तर मी एकलाच थांबलो असतो. त्या 'नका' म्हनल्या. म्हंजे समद्यांनाच की!"

तेवढ्यात फोनमधून इंजिनाची लांब शिट्टी ऐकू आली. सांगलीतलं एकही माणूस न घेता पॅसेंजर निघून गेली, आणि सगळं सांगली स्टेशन दारात उभं राहून हळदीचा भाव ऐकत राहिलं.