खेकड्याची नवी नांगी

किनाऱ्यावर माणसाचं पाऊल उमटलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. खेकडे नात्यातल्यांनाच नांगी उंचावून नमस्कार करत. खडकाला चिकटलेलं समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, फुलाबाई, हात हलवी तेव्हा भुरक्या खेकडा तोंड फिरवी. “ना डोकं, ना पाय! ही कसली आपली?”

पुढे भांडणात त्याची नांगी तुटली. जुनं कवच टाकल्यावर नवी फुटली, पण अंग लोण्यासारखं मऊ, आणि मासे टपलेले. तो मुकाट्याने फुलाबाईच्या डंख मारणाऱ्या हातांच्या आडोशाला शिरला.

“फुलाबाई, नांगी नेमकी जागेवरच कशी आली?”

“अंगात पुढचं कुठे, मागचं कुठे, ही शिकवण फार जुनी, बाळा. तुझ्या-माझ्या एकाच पूर्वजाची. त्या शिकवणीने मला तोंड नि बूड दिलं, तुला पायही दिले.”

कवच टणक झाल्यावर तो निघाला. फुलाबाईने नेहमीसारखे हात हलवले. नांगी धडधाकट होती, पण आजवर फिरवलेलं तोंड आठवून भुरक्याला शरमेने ती उचलवेना.